निर्दोष असाल तर उत्तरं द्यायला काय हरकत?

मेधा_ठाणे: 22 मे 2013 रोजी अमेरिकेत प्रतिनिधीगृहाच्या समितीने करखात्याच्या अधिकारी लोइस लर्नर यांना बोलावलं होतं. टी पार्टीसारख्या उजव्या गटांचे करसवलतीचे अर्ज वेगळे काढून त्यांची जास्त छाननी झाली, अशी तक्रार होती. त्यांनी 'मी काही चूक केलेली नाही, कायदा मोडलेला नाही' असं निवेदन केलं आणि अमेरिकी घटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा (स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा) आधार घेऊन प्रश्नांना उत्तरं नाकारली. माझ्या मते तो त्यांचा पूर्ण हक्क होता.

सडेतोड: अजिबात पटत नाही. समितीचे सदस्य ट्रे गाउडी तिथेच म्हणाले होते की बाजू मांडलीत, तर उलटतपासणीलाही उभ्या राहा. कोर्टात सरतपासणी (आपल्याच बाजूच्या वकिलाच्या प्रश्नांना उत्तरं) देऊन साक्षीदार पळाला, तर त्याच्या साक्षीला काय किंमत उरते?

मेधा_ठाणे: सरतपासणीत घटनेचे तपशील असतात हो. अमुक अर्ज कोणी अडवला हे सांगून त्या गप्प बसल्या असत्या, तर तुमचं म्हणणं मी मान्य केलं असतं. आपल्याकडेही आरोपी 'गुन्हा कबूल नाही' म्हणतो. तेवढ्याने त्याला पिंजऱ्यात साक्ष द्यायला भाग पाडता येतं का?

2001 चा अमेरिकेतला 'ओहायो विरुद्ध रायनर' निकाल बघा. तान्ह्या बाळाच्या मृत्यूचा खटला बापावर, बचावाचं बोट मात्र बाळ सांभाळणाऱ्या बाईकडे. ती म्हणाली, मी काही केलं नाही, पण साक्ष देणार नाही. ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, निर्दोष म्हणवतेस तर हा हक्क तुला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. इजा झाली असावी त्या काळात ती बाळाजवळ एकटी होती. 'हो, मी घरात होते' एवढं खरं उत्तरही तिच्यावर उलटू शकलं असतं. हा हक्क निरपराधांसाठीही आहे तो याचसाठी.

कोर्टकचेरी: त्याच खटल्यात त्या बाईला अभय (साक्ष तिच्याविरुद्ध वापरणार नाही अशी हमी) मिळालं आणि मगच तिने साक्ष दिली. समितीला खरंच सत्य हवं होतं, तर हा मार्ग मोकळा होता. त्याऐवजी मे 2014 मध्ये सभागृहाने 231 विरुद्ध 187 मतांनी लर्नर यांना अवमानाच्या दोषी ठरवलं. 2015 मध्ये सरकारी वकिलांनी खटला भरायला नकार दिला, कारण निर्दोष असल्याचं मोघम म्हणण्याने हक्क सुटत नाही.

सडेतोड: तुरुंगात टाका असं मी म्हणतच नाहीये. पण जनतेच्या पैशांवर पगार घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या मौनातून जनतेने काही अर्थ काढायचाच नाही? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1976 च्या बॅक्स्टर निकालानुसार फौजदारी नसलेल्या कारवाईत मौन विरोधात धरता येतं. रखडलेल्या अर्जदारांना उत्तर कोणी द्यायचं?