भोंगा बंद झाल्यानंतरचं लालबाग

चाळी जाऊन टॉवर आले, लालबाग-परळ आता सुधारलं असं म्हणतात, ते अर्धंच खरंय. माझा जन्म इथल्याच चाळीतला, वडील गिरणीत. १९८२ चा गिरणी कामगारांचा संप झाला तेव्हा मी चौथीत होतो, गिरणीचा भोंगा बंद पडला आणि आई खानावळीत चपात्या लाटायला जायला लागली, ते कधीच विसरणार नाही. आता टॉवर झालाय, लिफ्ट आहे, घरात संडास आहे, पाण्यासाठी पहाटे उठावं लागत नाही, हे सुख आहेच, नाही म्हणत नाही. पण चाळीत दिवसा दार कधी लावलंच जायचं नाही हो, कोणी आजारी पडलं की शेजारच्या काकू पेज घेऊन हजर. मेंटेनन्स परवडेना म्हणून आमच्या मजल्यावरची तीन कुटुंबं घर विकून विरार-बदलापूरला गेली. चिवडा गल्लीत मात्र अजून तोच वास येतो, मुलांना मुद्दाम घेऊन जातो.