मदत हवी आहे: चीअरलीडिंगची स्पर्धा कम्युनिटी रेडिओवरून थेट द्यायची आहे

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. लातूरला कॉलेजचं कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे, ५० वॅटचा ट्रान्समीटर. पुढच्या महिन्यात एका बंदिस्त हॉलमध्ये आंतरमहाविद्यालयीन चीअरलीडिंग स्पर्धा आहे आणि ती पूर्ण थेट द्यायची असं ठरलंय. हॉल स्टुडिओपासून साधारण ६ किलोमीटर. वर पत्रा, त्यामुळे आवाज भयंकर घुमतो. संघ १२. प्रत्येकाला अडीच मिनिटं संगीतावर, त्याआधी अर्धा मिनिट नुसती घोषणा. हॉलचा साउंड मंडपवाल्याकडे आहे, आमच्या हातात नाही.

सामान: ८ चॅनलचा मिक्सर, ३ डायनॅमिक माइक, २ कंडेन्सर माइक, दोन इनपुटचं यूएसबी साउंड कार्ड, लॅपटॉप, ६०० व्हीएचा यूपीएस.

कबड्डी-क्रिकेटचं समालोचन करणारी पोरं आहेत. पण इथं धावा नाहीत, गुणही लगेच कळत नाहीत, मग अडीच मिनिटं बोलायचं काय? दुसरं, संगीत माइकनं पकडलं तर गाणं ओळखूच येत नाही. तिसरं, हॉल भरला की मोबाइलचं नेट बसतं. कुणी नीट मांडणी सांगाल का?

तारयंत्र

संगीत हॉलच्या मिक्सरमधून तारेनंच घ्या, पण ‘रेक आउट’ (रेकॉर्डिंगसाठीचं आउटपुट) मागू नका. त्यात निवेदकाचा माइक, शिट्टी, सगळं मिसळून येतं आणि मंडपवाल्यानं आवाज कमीजास्त केला की तुमच्याकडेही होतो. त्याला म्हणावं, एक ऑक्स सेंड (वेगळं जोड-आउटपुट) दे, प्री-फेडर, म्हणजे त्यानं आवाजाची पट्टी (फेडर) हलवली तरी आपल्याकडे फरक नाही, आणि त्यावर फक्त संगीताचा चॅनल उघड. त्या तारेत मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच, तो दोन्हीकडची वीजजोडणी अलग ठेवतो. त्याचा अँप्लिफायर एका फेजवर, तुमचा मिक्सर दुसऱ्या, आणि दोघांचं अर्थिंग वेगळं, म्हणजे ५० हर्ट्झची घूं ठरलेलीच. ती घालवायला प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग असतात. तसं अजिबात करू नका, जिवावर बेतेल.

कंडेन्सर माइक मॅटच्या पुढच्या दोन कोपऱ्यांपासून ३-४ मीटर प्रेक्षकांच्या बाजूला, स्टँडवर दीड-दोन मीटर उंचीवर, तोंड मॅटच्या मध्याकडे. त्यातून घोषणा, टाळ्या, पाय आपटल्याचा आवाज येईल. दोन्हींना ८० ते १०० हर्ट्झचं लो-कट (त्याखालचा जाड आवाज काढणारं) लावा, नाहीतर प्रत्येक उडीला धप्प होऊन लिमिटर (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारं यंत्र) आवाज दाबून टाकेल.

आता खरी गोम. हेच माइक हॉलच्या स्पीकरमधलं संगीतही ऐकतात, पण उशिरा. उन्हाळ्याच्या तोंडावर हवेत आवाजाचा वेग साधारण ३५० मीटर प्रति सेकंद, म्हणजे मीटरमागे जवळपास ३ मिलिसेकंद. स्पीकर माइकपासून १४ मीटरवर असेल तर ४० मिलिसेकंद. तारेतलं संगीत तेवढं आधी पोचतं आणि दोन्ही मिसळली की ताल दोनदा पडतो. उपाय एकच, तारेच्या संगीताला तेवढाच डिले. छोट्या मिक्सरमध्ये ही सोय नसते. म्हणून साउंड कार्डाच्या पहिल्या इनपुटवर थेट संगीत, दुसऱ्यावर मिक्सरमधून समालोचक आणि हॉलचे माइक, आणि लॅपटॉपवर रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या ट्रॅकला डिले. टेपनं अंतर मोजा, मग कानानं २-४ मिलिसेकंद इकडंतिकडं करा.

समालोचकांना डायनॅमिक माइक, तोंडापासून चार बोटं. टेबल असं ठेवा की स्पीकर माइकच्या पाठीमागे येईल. कार्डिऑइड माइक मागच्या बाजूनं सगळ्यात कमी ऐकतो. टेबलाजवळ कंडेन्सर मात्र नको.

बालाघाटी

नेटबद्दल. डेटा फार लागत नाही, लोकांचा उगाच गैरसमज असतो. ओपस कोडेकवर (आवाज आकसून पाठवायची पद्धत) मोनो ९६ केबीपीएस म्हणजे तासाला जेमतेम ४३ एमबी. अडचण अपलोडच्या सलगपणाची. हजार मोबाइल एकाच टॉवरवर रील चढवू लागले की तुमची डेटाची पाकिटं रांगेत अडकतात. म्हणून पहिली पसंती तारेचं ब्रॉडबँड. हॉलच्या कार्यालयात फायबर असेल तर तिथून लॅनची केबल टेबलापर्यंत ओढा. एका ओढीत १०० मीटरपर्यंत चालते. वायफाय नको.

फायबर नसेल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम, दोन वेगळ्या राउटरमध्ये. एकाच कंपनीची दोन घेतली तर दोन्ही एकदमच बसतात. राउटर खिडकीत किंवा बाहेरच्या भिंतीला ठेवा, पत्र्याखाली सिग्नल बराच कमी होतो. चाचणी रिकाम्या हॉलमध्ये घेऊन काही कळत नाही. त्याच हॉलमधल्या दुसऱ्या कुठल्या गर्दीच्या कार्यक्रमात घ्या.

आइसकास्ट या स्ट्रीमिंग सर्व्हरवर ‘बट’ (butt) नावाच्या सॉफ्टवेअरनं पाठवणं फुकट आणि सोपं आहे, पण ५ ते १० सेकंद, कधी त्याहून जास्त उशीर लागतो. नुसतं हॉलवरून द्यायचं असेल तर चालेल. स्टुडिओतला निवेदक आणि हॉलमधला समालोचक यांचा संवाद हवा असेल तर एसआयपीवर (इंटरनेटवरून फोनसारखी जोडणी) चालणारा कोडेक घ्या, बफर ५०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा.

दोन्हीकडे एक पथ्य पाळा. समालोचकाच्या कानात प्रसारण सोडू नका. स्वतःचाच आवाज उशिरानं ऐकला की चांगला बोलणाराही अडखळतो. स्टुडिओकडून परत येणाऱ्या आवाजात त्याचा आवाज वगळलेला असावा. ते जमत नसेल तर साधा फोन लावून ठेवा आणि ‘आलो’, ‘जाहिरात’, ‘परत’ एवढंच त्यावर बोला.

यूपीएसवर फक्त मिक्सर आणि राउटर. मिळून ३० वॅटच्या आसपास होतील. बॅटरी नवी असेल तर तासभर निघतो. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर. मंडपवाल्याच्या जनरेटरवर काही लावू नका, तो सुरू होताना व्होल्टेज नाचतं.

मांजराकाठ

तारयंत्र, बालाघाटी, मनापासून आभार. एक शंका. सगळ्या संघांच्या गाण्यांच्या फाइली आयोजकांकडून आधीच मिळणार आहेत. मग तारेची भानगड कशाला? तीच फाइल स्टुडिओतून वाजवली तर?

तारयंत्र

नको. हॉलमध्ये कुणी पडलं की संगीत तिथंच थांबतं, तुमचं चालूच राहील. शिवाय लिंकचा उशीर, म्हणजे पोरींच्या हालचाली एका तालावर आणि गाणं दुसऱ्या. फाइली घ्या, पण आधी ऐकायला.

कोलांटउडी

दादा, समालोचनाचं मी सांगते. फाइली आधी मिळणार ही मोठी सोय आहे. चीअरचं संगीत आठ-आठ मात्रांवर बांधलेलं असतं. १४४ बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १४४ ठोक्यांचं गाणं असेल तर अडीच मिनिटांत ३६० ठोके, म्हणजे बरोबर ४५ अठ्ठे. एक अठ्ठा साधारण ३.३ सेकंदांचा. एक पान घ्या, ४५ घरं आखा आणि संघाच्या प्रशिक्षकाला विचारून प्रत्येक घरात लिहा: स्टंट (मुलीला उचलून धरणं), टॉस (हवेत फेकून झेलणं), पिरॅमिड, टंबलिंग (कोलांटउड्या), उड्या, नृत्य. हे पान समोर असलं की समालोचक घडण्याच्या आधी बोलतो. इथं तेच लागतं. बास्केट टॉसमध्ये फ्लायर, म्हणजे वर फेकलेली मुलगी, हवेत जेमतेम सेकंदभर असते. ती वर गेल्यावर ‘पहा पहा’ म्हणेपर्यंत झेलली गेलेली असते. म्हणून आधीच म्हणायचं, “मधोमध टॉसची तयारी, दोन बेस, मागे स्पॉटर,” आणि मग गप्प. (बेस म्हणजे खालून उचलणारे, स्पॉटर म्हणजे मागून सांभाळणारा.) हॉलमधला हुंकार पुढचं सांगतो.

जागा सांगायची सवय लावा. पूर्ण मापाचा मॅट ६ फूट रुंद आणि ४२ फूट लांब अशा ९ पट्ट्यांचा असतो. आपल्याकडे तो मिळाला नाही तरी मनात ९ पट्ट्या धरा, प्रेक्षकांच्या डावीकडून १, मध्ये ५. पण हवेवर आकडे नकोत, “डावं टोक”, “मध्य”, “उजवं टोक” एवढंच.

मग उंची. मांडीवर, खांद्यापर्यंत, की हात सरळ करून पूर्ण वर? एक पाय की दोन? मुलगी मागे पाय धरून उभी आहे की समोर? पिरॅमिडला थर म्हणा, दहीहंडीमुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर लगेच येतं. फक्त एवढं सांगा की इथं सात-आठ थर नसतात, अडीच माणसांच्या उंचीपर्यंतच जातात, आणि कस उंचीत नसून चढण्या-उतरण्यात आणि सगळे एका ठोक्यावर असण्यात आहे.

नमुना असा: “पाच गट उभे राहिले. पाचही मुली खांद्यापर्यंत. आता हात सरळ, पूर्ण वर. मधली एका पायावर... टिकली. डावीकडची डुलतेय, सावरली. खाली, झेललं.” लहान वाक्यं. मिनिटाला १४० शब्दांचा वेग धरला आणि अडीच मिनिटांतलं दीड मिनिट बोललात तर दोनशेच्या आसपास शब्द होतात. त्याहून जास्त बोलणारा समालोचक बदला. कबड्डीवाली पोरं हमखास जास्त बोलतात.

आणि ती संगीताआधीची अर्ध्या मिनिटाची घोषणा आहे ना, तिथं एक शब्दही नको. संगीत नाही, नुसते आवाज, हाताच्या टाळ्या, पायाचे ठोके. रेडिओसाठी यापेक्षा चांगलं काही नाही. समालोचकाचा माइक बंद, कोपऱ्यातले दोन माइक पूर्ण वर. फेडरवाल्याच्या पानावर हे लाल पेनानं लिहा.

गुणांचं म्हणाल तर आयोजकांची गुणपत्रिका आधी मागून घ्या. आंतरराष्ट्रीय चीअर युनियनच्या टीम चीअरच्या नेहमीच्या पत्रिकेत १०० पैकी स्टंटला २५, पिरॅमिडला २५, टॉसला १५ असतात. म्हणजे नाच कितीही झकास झाला तरी निकाल हवेत ठरतो, हे श्रोत्याला सुरुवातीलाच सांगून ठेवा. डुलणं वेगळं, पडणं वेगळं, दोन्हींची वजावट वेगळी. पण वजावटीचा आकडा आपण सांगायचा नाही, पंच सांगतील. दोन संघांच्या मधल्या ३-४ मिनिटांत असलं बोलायचं, शिवाय या युनियनला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली वगैरे. नाहीतर ‘हे खेळ आहे का नाच’ असे फोन येतात.

मांजराकाठ

ताई, लई उपयोगी. ४५ घरांचं पान आजच आखतो. कुणी पडून लागलं तर समालोचकानं काय करायचं?

कोलांटउडी

“संगीत थांबलंय, वैद्यकीय मदत मॅटवर पोचलीय.” बस्स. कुठं लागलं याचा अंदाज नाही, नाव नाही. घरचे ऐकत असतात, आणि मुलगी अल्पवयीनही असू शकते. कोपऱ्यातले माइक लगेच खाली, रडण्याचा आवाज हवेत जाऊ नये. मग स्टुडिओकडे द्या. संघाला पुन्हा संधी द्यायची का, हे पंच ठरवतील, त्यावर मत नको.

जायकवाडी

नियमांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. कम्युनिटी रेडिओवर स्थानिक स्वरूपाच्या खेळांचं थेट समालोचन चालतं. तुमच्या परवानगीच्या करारातलं ते कलम छापून फाइलला लावा. बातम्या आणि राजकीय मजकूर मात्र चालत नाही, आणि इथंच आपल्याकडे गाडी अडते. संघ क्रमांक ४ नंतर कुणीतरी नेते येतात, सत्कार होतो आणि भाषण सुरू होतं. व्यासपीठाचा माइक तुमच्या तारेत येतच नसेल तर निम्मं काम झालं. उरलेलं, सत्कार सुरू झाला की स्टुडिओकडे. तिथं २० मिनिटांचा मजकूर तयार ठेवा, २० तरी लागतातच.

जाहिरात तासाला १२ मिनिटांपर्यंत, २०२४ पासून. त्याआधी ७ होती. प्रसारित झालेलं सगळं ३ महिने जपून ठेवावं लागतं. हॉलमध्येही वेगळं रेकॉर्डिंग करा. लिंक तुटली तर तेवढा तुकडा नंतर लावता येतो.

गाण्यांचं बघा. आयोजकांनी हॉलमध्ये वाजवायचा परवाना घेतला असेल, तो प्रसारणाला लागू होत नाही. ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे, गीत-संगीताचे वेगळे. संघांच्या मिक्समध्ये आठ-दहा गाण्यांचे तुकडे असतात. केंद्राचा सध्याचा परवाना कोणत्या गाण्यांना चालतो ते यादी हातात घेऊन तपासा. जे बसत नाही त्या संघाच्या वेळी तारेचं संगीत बंद ठेवा आणि समालोचन वाढवा. माइकमधून मागे थोडं येतंच, म्हणून कोपऱ्यातले माइकही निम्म्यावर आणा.

तारयंत्र

राहिलेलं एक. ट्रान्समीटरच्या आधी ऑडिओ प्रोसेसर असेल तर त्याचं एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारी सोय) त्या दिवशी हळू करा किंवा गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं) लावा. नेहमीच्या सेटिंगवर समालोचक थांबला की ते हॉलची गडबड उचलून वर आणतं आणि तो बोलायला लागला की पहिला शब्द गिळतं. आपल्याकडे एफएमला ५० मायक्रोसेकंदांचं प्री-एम्फसिस (उंच पट्टीचे आवाज मुद्दाम वाढवणं) असतं, त्यामुळे शिट्ट्या आणि झांजा मूळच्यापेक्षा जोरात होऊन लिमिटरवर आदळतात आणि अख्खं प्रसारण क्षणभर खाली बसतं. कोपऱ्यातल्या माइकांना ८ किलोहर्ट्झच्या वर ४-५ डीबी कमी करा. लॅपटॉपवर शिखर उणे १० डीबीएफएसच्या (डिजिटल कमाल पातळीच्या १० डीबी खाली) वर जाऊ देऊ नका, आणि बोलणं चालू असताना संगीत आवाजापेक्षा १२ डीबी खाली. बोलणं थांबलं की वर आणा, पण हातानं. ऑटो डकिंग (बोलताना संगीत आपोआप खाली आणणं) लावलं तर प्रत्येक लहान वाक्यामागे संगीत वरखाली होत राहील.