गार्वी भामटा होता म्हणणाऱ्यांसाठी

ताम्हण: काल इथे कुणीतरी लिहिलं, "मार्कस गार्वी म्हणजे जहाजं दाखवून गरिबांना लुटणारा भामटा, बायडेनची माफी मतांसाठी." डोकंच फिरलं. गार्वी म्हणजे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या काळ्यांना एकत्र करणारा जमैकाचा पुढारी. माफी दिली १९ जानेवारी २०२५ ला, खुर्ची सोडायच्या आदल्या दिवशी, मतं कसली डोंबलाची? आणि ज्या टपालाने फसवल्याच्या खटल्यासाठी ही माफी, तो बघा ना, चौघांवर चालला, दोषी एकटा गार्वी, पुरावा काय तर टपालाचं एक रिकामं पाकीट! पुढे एफबीआयचा प्रमुख झालेला जे. एडगर हूवर १९१९ पासून त्याला देशाबाहेर घालवायला टपलेला.

निशाचर: पाकीट रिकामं होतं मान्य, पण माहितीपत्रकात छापलेलं जहाज गार्वीच्या जहाज कंपनीच्या, ब्लॅक स्टार लाइनच्या, मालकीचं नव्हतंच त्याचं काय? ५ डॉलरचा शेअर न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीतल्या, हार्लेमच्या मोलकरणींनी, हमालांनी घेतला. माझ्या बाबांनी गिरणी सुटल्यावरचे पैसे सागवान लागवडीच्या स्कीममध्ये घातले, असंच रंगीत पुस्तक होतं, झाड एकही दिसलं नाही. आई ते सर्टिफिकेट अजून ट्रंकेत ठेवते. मला 'स्वप्न दिलं' सांगू नका.

रंकाळा: सागवानात आमचेही गेले आणि एजंट कोण तर सख्खा मामा. दिवाळीला येणं बंद झालं त्याचं, आजी जाईपर्यंत बोलणं नाही. पैशापेक्षा ते जास्त लागलं.

निशाचर: आमच्याकडे बाबांचा मित्रच होता, त्याला स्वतःलाही फसवलेलं हे नंतर कळलं.

ताम्हण: अरे मग तेच म्हणतोय मी! सागवानवाले पळाले, गार्वी पळाला नाही. यार्मथ नावाचं जहाज १,६५,००० डॉलरला खरंच घेतलं, जुनाट बोट गळ्यात मारली आणि त्यांच्याच काळ्या कॅप्टनने त्या सौद्यात दलाली खाल्ली. गार्वी अटलांटाच्या तुरुंगात गेला, १९२७ ला हद्दपार झाला.

निशाचर: आणि १९२२ मध्ये काळ्यांचे खून पाडणाऱ्या गोऱ्यांच्या कू क्लक्स क्लॅन या टोळीच्या म्होरक्याला जाऊन भेटला तेही सांगा. ज्यांच्या माणसांना झाडाला टांगत होते त्यांचा पुढारी तिथे जातो? काळ्यांचा दुसरा मोठा पुढारी आणि विद्वान ड्यू बॉइस चिडला ते उगाच नाही.

ताम्हण: ती भेट चूकच, मोठी चूक. पण ड्यू बॉइसने त्याच्या काळ्या रंगावर, रूपावर लिहिलं ते तुम्हाला चालतं? एवढा शिकलेला माणूस! आपल्याकडे रंगावरून ऐकून घेतलेल्या माणसाला विचारा कसं लागतं ते, मी ऐकलंय शाळेत रोज.

रंकाळा: पुढे काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेल्या माल्कम एक्सचे आईवडील दोघंही गार्वीचे कार्यकर्ते होते, एवढं तरी धरा की हिशेबात.

निशाचर: धरलं. भामटा म्हणणार नाही त्याला, बाबांच्या एजंटलाही नाही. पण शेअरवाल्यांचे पैसे बुडाले ते बुडालेच, माफीनाम्याने ते परत येत नाहीत.