क्लासिकल जी.क्यू. ओळखायचा कसा: शेजारी मोजून की मुफांग अट लावून?

त्रिज्या (धागाकर्ता)
सांत जनरलाइज्ड क्वाड्रँगल (जी.क्यू.) म्हणजे बिंदू-रेषांची एक रचना, क्रम (स, त): दर रेषेवर स+१ बिंदू, दर बिंदूतून त+१ रेषा, आणि रेषेबाहेरचा बिंदू त्या रेषेवरच्या नेमक्या एका बिंदूचा शेजारी (म्हणजे त्याच्याशी एकरेषीय). क्लासिकल म्हणजे प्रोजेक्टिव्ह स्पेसमधून येणाऱ्या डब्ल्यू, क्यू, एच या ठरलेल्या कुटुंबांतला. हाती नुसता इन्सिडन्स मॅट्रिक्स (कोणता बिंदू कोणत्या रेषेवर, याचा ०-१ तक्ता) असेल तर रेग्युलॅरिटीच्या कसोट्याच कामाच्या, असं माझं मत. मुफांग अट (रचनेत ठराविक प्रकारच्या सममिती भरपूर असाव्यात) देखणी आहे, पण आधी ऑटोमॉर्फिझम ग्रुप (सगळ्या सममितींचा संच) काढा, मग रूट इलेशन (त्या ठराविक सममिती) शोधा, हा खटाटोप कशाला?

(३,३) घ्या: ४० बिंदू, ४० रेषा. शेजारी नसलेले दोन बिंदू निवडा. त्यांचे सामाईक शेजारी ४ निघतील. आता या चौघांचे सामाईक शेजारी मोजा. ४ आले तर जोडी रेग्युलर. सगळ्या जोड्या रेग्युलर निघाल्या तर बेन्सनच्या १९७० च्या प्रमेयानुसार तो डब्ल्यू(३). क्यू(४,३) मध्ये मात्र प्रत्येक वेळी मूळचे २च परत येतात.

चौकट
सोयीचं उदाहरण निवडलंत! बेन्सन फक्त स=त साठी. (क,क²) मध्ये तर बिंदूंची जोडी रेग्युलर असूच शकत नाही. तिथे थासची ३-रेग्युलॅरिटी लागते: परस्परांचे शेजारी नसलेले तीन बिंदू, म्हणजे ट्रायड, त्यांच्या क+१ सामाईक शेजाऱ्यांचे सामाईक शेजारी पुन्हा क+१ यायला हवेत. एच(४,क²) ला आणखी तिसरीच कसोटी. याला यादी म्हणतात. फोंग आणि झाइट्झ (१९७३-७४) एका वाक्यात मोकळे होतात: सांत मुफांग जी.क्यू. म्हणजे क्लासिकल किंवा क्लासिकलचा ड्युअल (बिंदू आणि रेषांची अदलाबदल करून मिळणारा).

शिवाय (८,६४) मध्ये बिंदू ४६१७ आणि ट्रायड सुमारे ११४७ कोटी. बसा मोजत.

त्रिज्या
सगळे कोण मोजतं? एक ट्रायड नापास झाला की निकाल लागला. आणि ग्रुप बिंदूंवर ट्रान्झिटिव्ह असेल (कोणताही बिंदू कोणत्याही बिंदूवर नेता येत असेल) तर एकाच बिंदूचे ७४,५४,७२० ट्रायड पुरतात.

चौकट
म्हणजे ग्रुप लागलाच की शेवटी :)

बिंदूगामी
नमुना कुठून उचलता हेही बघा. सुझुकी–टिट्स ओव्हॉइडवरून (त्रिमिती प्रोजेक्टिव्ह स्पेसमधला एक खास बिंदूसंच) क=८ साठी टिट्सची बांधणी केली तर क्रम (८,६४)च येतो, पण तो क्लासिकल नाही. गोची अशी की त्यातल्या अनंत-बिंदूचे (बांधणीत ∞ म्हणून जोडलेला खास बिंदू) सगळेच्या सगळे ट्रायड पास होतात. बांधणीच्या कोडमध्ये हा बिंदू पहिल्या ओळीत बसवला असेल आणि लूप तिथूनच सुरू करून लाखभर ट्रायडनंतर थांबवला, तर खोटा उमेदवार खरा ठरतो. तीनही बिंदू यादृच्छिक घ्या.

दुसरी नेहमीची चूक ट्रान्सपोजची. क विषम असताना डब्ल्यू(क) चा मॅट्रिक्स उलटा भरला गेला की क्यू(४,क) होतो, मोजणीत २ येतात आणि लोक 'क्लासिकल नाही' म्हणून सांगून टाकतात. तीच मोजणी रेषांवर करून मगच बोलावं. क सम असेल तर डब्ल्यू(क) स्वतःचाच ड्युअल, तिथे ही भानगड नाही.

लंबसंच
दोघांनाही एक प्रश्न. एच(४,४) मध्ये १६५ बिंदू, २९७ रेषा. त्याचा ड्युअल मुफांग अट आरामात पाळतो, पण रेषांचे सगळे बिंदू सामावून तो कुठल्याच प्रोजेक्टिव्ह स्पेसमध्ये बसत नाही. बुकेनहाउट–लफेव्र (१९७४) प्रमाणे असे पूर्ण बसणारे सांत जी.क्यू. तेवढे क्लासिकल. मग मुफांगने 'क्लासिकल' नेमका कुठे पकडला? माझं मत एम्बेडिंगला (प्रोजेक्टिव्ह स्पेसमध्ये असं बसण्याला). अर्थात, नुसत्या मॅट्रिक्सवरून एम्बेडिंग शोधणं सर्वांत जिकिरीचं, हेही खरं.

चौकट
ड्युअलसकट वर्गीकरण मला चालतं. नाव काय द्यायचं हा वेगळा वाद. पण त्रिज्या, एच(४,४) तुमच्या पद्धतीने ओळखून दाखवा.

त्रिज्या
घ्या. त²=स³ असताना शेजारी नसलेल्या प्रत्येक जोडीच्या सामाईक शेजाऱ्यांचे सामाईक शेजारी किमान √स+१ असले की तो एच(४,स). इथे स=४, म्हणजे किमान ३. प्रत्येक बिंदूला शेजारी नसलेले १२८, म्हणून जोड्या १६५×१२८÷२ = १०,५६०. शेजाऱ्यांच्या याद्या बिटसेटमध्ये (०-१ च्या ओळींत) ठेवा, दर जोडीला ९ बिटसेटचा छेद. यात ग्रुप कुठेच आला नाही.