शॅडो कॉपी आपोआप उडतात आणि डी ड्राइव्हचा हिशेब लागत नाही

सर्व्हर_खोली
नमस्कार मंडळी. विंडोज सर्व्हर 2019, डी ड्राइव्ह 4 टीबी, एनटीएफएस. ऑफिसचे सगळे शेअर, लोकांच्या आउटलुकच्या पीएसटी (मेल साठवणाऱ्या फाइली) आणि टॅलीचा डेटा त्यावरच आहे. सोमवार ते शनिवार, सकाळी 8 ते रात्री 8, दर तासाला शॅडो कॉपी (ड्राइव्हची त्या क्षणीची प्रत) लावली आहे. जागेची मर्यादा आहे तशीच ठेवली आहे.

शनिवारी संध्याकाळी सगळ्या फोल्डरांची बेरीज 2.9 टीबी भरली, पण ड्राइव्ह 3.3 टीबी वापरलेला दाखवतो. शिवाय 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मध्ये (शॅडो कॉपीतल्या जुन्या फाइलींच्या यादीत) पाच दिवसांमागचं काही मिळत नाही, आणि सोमवारी सकाळी तर यादीच रिकामी असते. महिनाभर मागचं मिळायला हवं असेल तर किती जागा बाजूला ठेवावी?

बिट_बाइट_बापू
बेरजेत न दिसणारे 0.4 टीबी 'सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' या लपलेल्या फोल्डरात आहेत. मर्यादा बदलली नसेल तर शॅडो कॉपी व्हॉल्यूमच्या (म्हणजे ड्राइव्हच्या) 10 टक्क्यांपर्यंत जागा घेतात, म्हणजे तुमच्याकडे साधारण 400 जीबी. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट शॅडोस्टोरेज' चालवा. यूज्ड, अ‍ॅलोकेटेड आणि मॅक्सिमम असे तीन आकडे येतील.

पाच दिवसांचं कोडं जागेचं नाहीच. शेअरसाठीच्या शॅडो कॉपी एका व्हॉल्यूमवर 64 पर्यंतच राहतात, पासष्टावी आली की सर्वांत जुनी जाते. दिवसाला 13 कॉपी म्हणजे 64 जेमतेम पाच दिवसांत संपल्या. वर कितीही टीबी दिलेत तरी यात फरक पडणार नाही. दिवसाला दोन ठेवा, समजा सकाळी 7 आणि दुपारी 1. आठवड्याला 12 होतात, म्हणजे पाच आठवडे आरामात निघतात. रजिस्ट्रीतून (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगमधून) ही संख्या 512 पर्यंत नेता येते, पण तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

कॉपी कमी केल्या की जागाही वाचते. दोन कॉप्यांच्या मध्ये एखादा ब्लॉक (ड्राइव्हचा छोटा तुकडा) पहिल्यांदा बदलला जातो तेव्हाच त्याची जुनी प्रत बाजूला काढली जाते. दिवसभर उघडी असलेली पीएसटी तेच ब्लॉक पुन्हा पुन्हा लिहीत असते. तासागणिक कॉपी असेल तर एकाच ब्लॉकच्या दिवसात 13 प्रती साठू शकतात, दोनच कॉपी असतील तर फार तर दोन.

रात्रपाळी
सोमवारची रिकामी यादी हा वेगळा आजार आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम लॉग उघडा आणि सोर्स व्हॉलस्नॅप लावून शोधा. इव्हेंट आयडी 33 असेल तर मर्यादा गाठली म्हणून फक्त सर्वांत जुनी कॉपी गेली. 25 असेल तर साठवणीची जागा वेळेत वाढली नाही म्हणून सगळ्याच गेल्या. 36 म्हणजे तुम्ही घातलेल्या मर्यादेमुळे वाढता आलं नाही आणि तेव्हाही सगळ्याच जातात.

माझा संशय रविवारच्या डीफ्रॅगवर (विखुरलेल्या फाइलींचे तुकडे एकत्र लावण्यावर) आहे. 'एफएसयूटिल एफएसइन्फो एनटीएफएसइन्फो डी:' चालवून क्लस्टर (एनटीएफएस जागा वाटते तो सर्वांत लहान तुकडा) किती बाइटचा आहे ते बघा.

सर्व्हर_खोली
रविवारी रात्रीचा 25 सापडला. क्लस्टर 4096. ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्जमध्ये डीफ्रॅगचं साप्ताहिक वेळापत्रक चालू आहे. शॅडो कॉपींची साठवण ई ड्राइव्हवर नेली तर जुन्या कॉपी राहतील का?

रात्रपाळी
नाही, जातील. कॉपी अस्तित्वात असताना साठवणीचा ड्राइव्ह बदलता येत नाही. त्यामुळे कुणाला मागचं काही हवं असेल तर आधी काढून ठेवा.

शॅडो कॉपी 16 केबीच्या ब्लॉकमध्ये काम करते. क्लस्टर त्याहून लहान असेल तर डीफ्रॅगने नुसती हलवाहलव केली तरी तिला ते नवं लिखाण वाटतं, आणि रातोरात शेकडो जीबी बाजूला काढायची वेळ येते. म्हणून आधी डी ड्राइव्ह त्या वेळापत्रकातून काढा.

मग शॅडो कॉपीज टॅबमध्ये डीसाठी डिसेबल करा. 'व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट शॅडोज'मध्ये डीचं काही उरलेलं नाही याची खात्री करा. जुनी जोडणी दिसत असेल तर 'डिलीट शॅडोस्टोरेज'ने काढा. नंतर 'अ‍ॅड शॅडोस्टोरेज' वापरून फॉर डी, ऑन ई, मॅक्ससाइझ 800 जीबी द्या आणि वेळापत्रक नव्याने लावा. ई वेगळ्या डिस्कवरचा, एनटीएफएस आणि स्वतःची शॅडो कॉपी न घेणारा असावा. त्याच रेड गटावर (एकत्र जोडलेल्या डिस्कांवर) दुसरं पार्टिशन पाडलंत तर भार तिथेच राहतो.

800 हा अंतिम आकडा धरू नका. एक आठवडा चालू द्या, यूज्ड बघा, त्याच्या पाचपट करा आणि वर थोडी ढील ठेवा. मार्चअखेरच्या आठवड्यात मोजू नका, आकडा फुगून येईल.

क्लस्टर 16 केबी किंवा जास्त करायचा तर फॉरमॅटशिवाय गत्यंतर नाही. पुढे डेटा हलवाल तेव्हा करा. मात्र 4 केबीच्या वर एनटीएफएसचं कॉम्प्रेशन चालत नाही.

टॅली_आणि_टेप
दोन गोष्टी राहिल्या. पीएसटी फाइल सर्व्हरवर ठेवूच नयेत. लगेच हलवता येत नसतील तर निदान शॅडो कॉपी नसलेल्या वेगळ्या व्हॉल्यूमवर न्या. आणि हे सगळं जमलं म्हणून रोजचा बॅकअप बंद करू नका. शॅडो कॉपीत फक्त बदललेले ब्लॉक असतात, डी ड्राइव्हच गेला तर त्यांचा उपयोग शून्य. रॅन्समवेअर तर आत शिरल्यावर बहुधा आधी 'व्हीएसएसअ‍ॅडमिन डिलीट शॅडोज'च चालवतं.

टॅलीचं मागचं काढताना एकदोन फाइली उचलू नका, कंपनीचा आकडी नावाचा फोल्डर पूर्ण घ्या. कामाच्या मध्येच घेतलेल्या कॉपीत नोंदी अर्धवट असू शकतात, म्हणून सकाळी 7 ची, कुणी लॉगिन नसतानाची कॉपी निवडा. 'रिस्टोर' दाबू नका, ते चालू डेटावरच लिहितं. 'कॉपी' करून वेगळ्या फोल्डरात उतरवा आणि टॅलीत उघडून शेवटचं व्हाउचर तपासा. 'कॉपी'ने आणलेल्या फाइलींना नव्या फोल्डरच्या परवानग्या लागतात, त्यामुळे तो फोल्डर सगळ्यांना उघड्या असलेल्या शेअरमध्ये नको.