आजोबांच्या लुगरवरचा मुकुट कुणाचा?

डिचोलीकर: आजोबांचं लुगर पिस्तूल परवान्यासकट माझ्या नावावर झालं. चेंबरवर (गोळी बसते त्या भागावर) मुकुट, खाली ‘एम’ आणि त्यात २. एक्स्ट्रॅक्टरवर (काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्यावर) ‘कार्रेगादा’. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानातच राहिलं, स्लाइडवर तांबूस ठिपके आलेत. पॉलिश करून घेऊ? रेंजवर एकदा तरी चालवायचंय.

जुनालोखंड: पॉलिश नको हो, हात जोडतो! तो मुकुट पोर्तुगालचा राजा मानुएल दुसरा याचा, राज्यकाळ १९०८ ते १९१०. जर्मनीच्या डीडब्ल्यूएम या शस्त्र कारखान्याने पोर्तुगीज सैन्यासाठी बनवलेलं हे मॉडेल. ‘कार्रेगादा’ म्हणजे भरलेलं. चेंबरमध्ये गोळी असली की एक्स्ट्रॅक्टर वर उचलतो आणि ती अक्षरं दिसतात, अंधारात तो उंचवटा बोटालाही लागतो. मूळ निळाई (पोलादावरचा निळसर थर) गेली की परत येत नाही. बारीक तेलाचा बोळा फिरवा, बस्स. म्यान वेगळं ठेवा. चामडं ओल धरतं. आणि लुगरला स्लाइड नसते, वर गुडघ्यासारखा दुमडणारा टॉगल असतो.

मांडवीकाठ: गोळी ७.६५ पॅराबेलम. ७.६५ ब्राउनिंग म्हणजे ३२ बोअर, ती वेगळी. परवान्यावर काय लिहिलंय ते आधी बघा.

डिचोलीकर: ‘३२ बोअर’ लिहिलंय!

जुनालोखंड: मग चालवू नका. आधी परवाना दुरुस्त करून घ्या, मग जाणत्या आर्मररला (बंदुका दुरुस्त करणाऱ्याला) दाखवा.