मदत हवी आहे: डीएनएस सर्व्हरवर बाइंडचं नेमकं कुठलं व्हर्जन चालू आहे?

रात्रपाळी:
बाइंड म्हणजे आमचं डीएनएसचं (नावावरून आयपी पत्ता सांगणारं) सॉफ्टवेअर, 'नेमडी' हा त्याचाच प्रोग्रॅम. 'नेमडी -व्ही' दिलं की ९.१८ दिसतं. ऑडिटवाल्यांच्या स्कॅनमध्ये मात्र ९.१६, 'सपोर्ट संपला' म्हणून लाल शेरा. रीस्टार्ट करून झालंय. स्कॅनर चुकतोय हे दाखवायचं कसं? सकाळी उत्तर द्यायचंय, पटकन सांगा.

टर्मिनलवेडा:
एनमॅप (पोर्ट स्कॅनर) '-एसव्ही' मारा डीएनएसच्या पोर्ट ५३ वर. विषय संपला.

जुनं_खोड:
कुठला संपला? एनमॅपसुद्धा सर्व्हरलाच विचारणार आणि तो सांगेल ते छापणार. तेच डिगने (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) विचारा: केऑस क्लास, टीएक्सटी, 'व्हर्जन.बाइंड'; सर्व्हर आपलं व्हर्जन सांगेल. आणि '-व्ही' फक्त डिस्कवरच्या फायलीचं व्हर्जन सांगतं, चालू प्रोसेसचं नाही. ओएस कुठली? पॅकेज की सोर्समधून बिल्ड?

रात्रपाळी:
लिनक्सच हो, डेबियन १२. पॅकेज. डिगलाही ९.१६ च आलं.

पॅचपंडित:
आकड्यावर जाऊ नका. डेबियनवाले नंबर जुनाच ठेवून त्यात सुरक्षेचे पॅच बसवतात. चेंजलॉग (पॅकेजमधल्या बदलांची यादी) जोडा आणि ऑडिटवाल्यांना गप्प करा. आम्ही दर वेळी हेच करतो.

जुनं_खोड:
पंडितजी, ९.१६ डेबियन ११ मध्ये होतं. १२ च्या पॅकेजमध्ये ९.१८ आहे. मग हे कुठल्या पॅकेजचा चेंजलॉग जोडणार?

निवांत:
बाइंडच्या कॉन्फिगमध्ये, ऑप्शन्समध्ये 'व्हर्जन "नन"' टाका. स्कॅनरला काही दिसणारच नाही.

टर्मिनलवेडा:
अहो, त्याने नंबर झाकला जाईल. बाइंड जुनं ते जुनंच!

निवांत:
शेरा जाईल ना पण?

अनबाउंडप्रेमी:
बाइंड हवंय कशाला? अनबाउंड हे दुसरं डीएनएस सॉफ्टवेअर टाका, सुटसुटीत आहे.

जुनं_खोड:
तो स्वतःचे झोन (आपल्या डोमेनच्या नोंदी) सांभाळणारा सर्व्हर आहे की नुसता रिझॉल्व्हर (इतरांना विचारून उत्तर आणणारा), ते तरी आधी विचारा.
रात्रपाळी, निवांतचं एक कामाचं आहे. 'व्हर्जन'ची ओळ कॉन्फिगमध्ये कुणी आधीच हाताने लिहिली असेल, तर डिगला तीच दिसते. ती नाही ना, ते बघा. मग रूट होऊन 'एसएस -एलएनटीयूपी' चालवा, ५३ वर कुठला पीआयडी (प्रोसेसचा नंबर) बसलाय ते घ्या आणि '/प्रोक/पीआयडी/एक्सई' कुठल्या फायलीकडे बोट दाखवतं ते इथे टाका; चालू आहे ती तीच.

रात्रपाळी:
'व्हर्जन'ची ओळ नाही. एक्सई: '/ऑप्ट/बाइंड/एसबिन/नेमडी'. हे काय नवीन? मी तर ॲप्टनेच (डेबियनच्या पॅकेज कमांडने) टाकलं होतं.

जुनं_खोड:
'सिस्टमसीटीएल कॅट नेमडी' करा. खाली 'एक्झेकस्टार्ट' (सर्व्हिस सुरू करणारी कमांड) बदललेली ड्रॉप-इन फाइल (मूळ सेटिंगवर चढवलेली) दिसेल.

रात्रपाळी:
आहे. आधीच्या ॲडमिनचे उपद्व्याप. म्हणजे दर रीस्टार्टला /ऑप्टमधलंच उठत होतं! काढून टाकतो.

जुनं_खोड:
थांबा! झोन फायली कुठे आहेत? डेबियनचं ॲपआर्मर प्रोफाइल (प्रोग्रॅमला कुठल्या फायली उघडता येतील ते ठरवणारं) '/यूएसआर/एसबिन/नेमडी'ला लागू होतं, /ऑप्टमधल्याला नाही. झोन /ऑप्टमध्ये असतील तर नव्या प्रोसेसला त्या वाचताच येणार नाहीत. आधी '/व्हार/लिब/बाइंड'मध्ये हलवा, कॉन्फिगमधले पाथ बदला, 'नेमडी-चेककॉन्फ -झेड' चालवून कॉन्फिग आणि झोन तपासा. मग ड्रॉप-इन काढा, 'डेमन-रीलोड' करा, रीस्टार्ट करा. शेवटी परत डिग.

पॅचपंडित:
चेंजलॉग तरीही जोडाच.

रात्रपाळी:
झोन /ऑप्टमध्येच आहेत. हलवतोय. डिगला ९.१८ आलं की इथे टाकतो.

अनबाउंडप्रेमी:
झोन असतील तर एनएसडी बघा, ते झोन सांभाळायलाच आहे. तेही अनबाउंडवाल्यांचंच आहे.